खेळातलं पात्र परीकथेत घालताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला सहा-सात मिनिटांची फिल्म करायची आहे. व्हिडिओ गेममधली ओळखीची पात्रं घेऊन एखादी जुनी परीकथा सांगायचा विचार आहे. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ, पात्रंही सगळ्यांच्या ओळखीची, मग बघणाऱ्याला नवीन काय मिळणार? पात्रानं गोष्टीप्रमाणे वागायचं की खेळाप्रमाणे? आणि असं आधी कुणी केलं आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं तिथेच सापडतात.

हो, केलं आहे, आणि चांगलं जुनं उदाहरण आहे. 1989 साली जपानमध्ये ‘अमाडा ॲनिमे सिरीज : सुपर मारिओ ब्रदर्स’ या नावानं तीन छोट्या फिल्म थेट व्हिडिओ कॅसेटवर आल्या. पहिली मोमोतारो, दुसरी इस्सुनबोशी, तिसरी आपली हिमगौरी. म्हणजे दोन अस्सल जपानी लोककथा आणि एक ग्रिम बंधूंची. पहिल्या दोन्हींचा नायक मारिओ, तिसरीत हिमगौरी झाली खेळातली राजकन्या पीच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत डिक कंपनीचा मारिओचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या 52 कार्टून भागांतही परीकथांची भरपूर उचल आहे : लाल टोपीवाली मुलगी, जॅकचा वेल, बासरीवाला. खलनायक कूपा जवळपास दर भागात नवा वेश करून हजर.

जपानमध्ये ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. 1987 मध्ये मारिओ बनवणाऱ्या निन्टेंडोनं स्वतःच ‘शिन ओनिगाशिमा’ नावाचा, जुन्या लोककथा एकमेकींत गुंफलेला खेळ काढला होता. हडसन कंपनीचा मोमोतारोवरचा खेळही त्याच वर्षीचा. लोककथा खेळात शिरून बसली होती, तेव्हा खेळातला नायक लोककथेत जाणं ही पुढची पायरी होती. शिवाय कॅसेट विकत घेणारे आईबाप होते, आणि त्यांना मोमोतारो मारिओपेक्षा जास्त माहीत होता. हा शेवटचा भाग माझा तर्क आहे, पण धंद्यातल्या कुणालाही तो पटेल.

आता मुद्द्याकडे येऊ. बहुतेक विद्यार्थी आधी पात्र ठरवतात, मग गोष्ट ठरवतात आणि मग पात्राला गोष्टीचे कपडे चढवतात. फिल्म तिथेच मरते. पहिल्या वीस सेकंदांत बघणारा हसतो, ‘अरे, मारिओनं मुकुट घातलाय’, आणि नंतर उरलेली सहा मिनिटं तो फक्त ती गोष्ट पुन्हा ऐकत बसतो. तुम्ही उलटं करा. पात्र खेळात काय करतं, त्याची करामत काय, ते एका ओळीत लिहा. मग अशी गोष्ट शोधा जिच्यातली जादू हीच करामत आहे.

या कसोटीवर त्या तिघींत इस्सुनबोशी सरस आहे. ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मूल नसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला बोटाच्या पेराएवढा मुलगा होतो आणि तो तेवढाच राहतो. तो सूप प्यायच्या वाडग्याची होडी करतो, चॉपस्टिकचं वल्हं करतो, सुई तलवार म्हणून कंबरेला लावतो आणि नदीनं राजधानीला जातो. एका सरदाराच्या घरी चाकरीला राहतो. सरदाराच्या मुलीवर राक्षस चालून येतो आणि याला गिळतो. हा पोटात शिरून सुईनं टोचायला लागतो. राक्षस त्याला थुंकून पळून जातो आणि जाताना त्याची जादूची हातोडी तिथेच पडते. मुलगी ती हातोडी आपटते, इस्सुनबोशी मोठा होतो, लग्न होतं.

आता 1985 चा सुपर मारिओ ब्रदर्स आठवा. मारिओ लहान असतो. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला खालून धडक देतो, मशरूम बाहेर येतं, ते खाल्लं की तो दुप्पट उंच होतो. लहानाचं मोठं होणं हीच गोष्टीतली जादू आणि हीच खेळातली करामत. ठोका मारल्यावर जादू बाहेर येते हेसुद्धा दोन्हीकडे सारखं. इथे कपडे चढवायची गरजच नाही.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे हातोडी आपटते ती मुलगी. खेळात राजकन्या शेवटच्या किल्ल्यात वाट बघत बसलेली असते. आधीचे सात किल्ले सर केले तरी उत्तर एकच मिळतं, राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. या गोष्टीत मात्र नायकाला मोठं करायचं काम तिच्या हातात आहे. खेळानं जे पात्र कोपऱ्यात बसवून ठेवलं त्याला लोककथेनं काम दिलं. मी लेखक असतो तर सगळी फिल्म या एका क्षणाकडे वळवली असती.

तो क्षण स्टोरीबोर्डवर, म्हणजे शॉटच्या क्रमानं काढलेल्या चित्रांत, कसा मांडायचा ते दाखवतो.

पहिला शॉट जमिनीलगत. इस्सुनबोशीच्या हातात सुई, समोर राक्षसाचा एक अंगठा, फ्रेम भरून. चार सेकंद, कॅमेरा हलत नाही. दुसरा शॉट मुलीचा, कंबरेपासून वर. ती खाली पडलेल्या हातोडीकडे बघते, मग आपल्याकडे नाही तर त्याच्याकडे बघते. तीन सेकंद. हे बघणं गाळू नका, ठरवते ती हे इथेच कळतं. तिसरा शॉट : हातोडी उचलते, जड आहे, एकदा हातातून निसटते, दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी. पाच सेकंद. चौथा : ठोका. आणि इथे सगळं गोठवा. पार्श्वभूमी, राक्षस, तिचे उडालेले केस, सगळं थांबलेलं. फक्त तो लहान-मोठा, लहान-मोठा असा लुकलुकतो आणि एकदम मोठा होऊन उभा राहतो. सव्वा सेकंद पुरे. मूळ खेळात मशरूम खाल्ल्यावर नेमकं हेच होतं, खेळ क्षणभर थांबतो आणि आकृती दोन मापांत लुकलुकते. खेळलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो, न खेळलेल्याला जादू दिसते. दोघांना एकाच शॉटमध्ये पकडता आलं, तर नवीन काय मिळणार या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

चौथ्या शॉटमध्ये एक तांत्रिक गोष्ट दडली आहे आणि कॉलेजमध्ये ती सहसा कुणी सांगत नाही. आपल्याला पहिल्या सत्रापासून शिकवतात की उडीआधी गुडघे वाकले पाहिजेत, फटक्याआधी हात मागे गेला पाहिजे. ही आधीची तयारी म्हणजे ॲन्टिसिपेशन. खेळात हे जवळपास नसतं, कारण बटण दाबल्याबरोबर पात्र उडालं पाहिजे. आधी चार फ्रेम गुडघे वाकवत बसलं तर खेळणारा खड्ड्यात. त्यामुळे खेळातल्या पात्राची चाल मुळात झटक्याची असते. तुम्ही त्याला नियमाप्रमाणे मऊसूत ॲनिमेट केलंत की चेहरा मारिओचा राहतो आणि चाल भलत्याचीच होते. माझा तोडगा असा : बोलणं, चालणं, बसणं-उठणं यांना नेहमीचं ॲन्टिसिपेशन द्या. करामतीच्या शॉटमध्ये ते काढून टाका आणि थेट की-पोजवर, म्हणजे हालचालीच्या मुख्य चित्रावर, जा. हवेत सर्वांत वर असताना दोन फ्रेम जास्त धरा. फिल्मभर अशा तीन-चारच जागा ठेवा, नाहीतर धक्के बसल्यासारखं दिसतं.

मोमोतारोचं गणित इतकं सरळ नाही. पीच नावाची राजकन्या आणि पीच फळातून जन्मलेला मोमोतारो ही कोटी कुणालाही सुचेल, पण कोटीवर एक मिनिट चालतं, सहा नाही. मूळ गोष्ट साथीदार जमवण्याची आहे. मोमोतारो ओनिगाशिमा बेटावरच्या राक्षसांशी लढायला निघतो. वाटेत कुत्रा, माकड आणि फेजंट पक्षी भेटतात, तो प्रत्येकाला म्हातारीनं दिलेल्या पिठाच्या लाडूतला वाटा देतो आणि ते सोबत येतात. मारिओ खेळात एकटा पळतो आणि जे दिसेल ते स्वतः खातो, गोळा करतो. म्हणजे दोघांचे स्वभाव उलटे. ही जोडी घ्यायचीच असेल तर तोच झगडा फिल्मचा विषय करा : आयुष्यभर मशरूम स्वतः खाल्लेला माणूस पहिल्यांदा ते दुसऱ्याला देतो आणि स्वतः लहान राहतो. त्यात फिल्म आहे. नुसता डोक्याला पट्टा बांधून त्याला बेटावर नेलात तर नाही.

हिमगौरी घ्यायला सगळ्यांनाच आवडते, म्हणून सावध करतो. आपल्या डोक्यात जी हिमगौरी आहे ती 1937 च्या डिस्ने फिल्ममधली आहे. ग्रिम बंधूंचं पुस्तक 1812 पासूनचं, ते सर्वांसाठी खुलं आहे. सात बुटक्यांची डिस्नेनं ठेवलेली नावं खुली नाहीत. ग्रिमच्या गोष्टीत बुटक्यांना नावंच नाहीत. तेव्हा मूळ गोष्ट काढून वाचा. कायद्याचं राहू द्या, ती वाचल्यावर हाताला असं काही लागतं की बस.

मूळ गोष्टीत राणी एकदा नव्हे, तीनदा येते. पहिल्यांदा चोळीची नाडी आवळून हिमगौरीचा श्वास कोंडते, बुटके येऊन नाडी कापतात, ती उठते. दुसऱ्यांदा विषारी फणी, बुटके ती काढतात, ती उठते. तिसऱ्यांदा सफरचंद, आणि तिथे बुटक्यांचा इलाज चालत नाही. डिस्नेनं पहिले दोन प्रसंग गाळून फक्त सफरचंद ठेवलं. पण खेळ खेळणाऱ्याच्या नजरेनं बघा, या सरळसरळ तीन लाइफ आहेत! दोनदा पडली, दोनदा परत उभी राहिली, तिसऱ्यांदा गेम ओव्हर. आणि चुंबन? ग्रिममध्ये ते नाहीच. राजपुत्राचे नोकर काचेची पेटी खांद्यावरून नेत असतात, एकजण झुडपाला अडखळतो, हिसका बसतो आणि घशात अडकलेला तुकडा बाहेर उडतो. ज्याचा सगळा खेळच उड्या आणि धडपडण्याचा आहे अशा नायकासाठी याहून चांगला शेवट कुठला लेखक लिहून देईल? पेटी खांद्यावर घेऊन तोच निघाला, तोच अडखळला, काम झालं.

या गोष्टीचा दोष असा की नायक फार उशिरा येतो. म्हणून ती राजकन्येचीच फिल्म करा. नायकाला पहिल्या मिनिटापासून दाखवायच्या हट्टापायी त्याला जंगलात उगाच भटकवू नका.

खलनायकाचं एका वाक्यात सांगतो : ग्रिमच्या राणीला शेवटी तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावं लागतं, पण खेळातला खलनायक पुढच्या भागात परत यायचाच असतो, तेव्हा त्याला हरवा, लाजवा, पळवून लावा, मारू नका.

आता तुमचा मधला प्रश्न, गोष्टीप्रमाणे वागायचं की खेळाप्रमाणे. खरा प्रश्न असा आहे की आपण नाटक करतोय हे पात्राला माहीत आहे का? मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी आपल्या पात्रांना नटसंच म्हटलं आहे आणि पॉपायच्या जुन्या कार्टूनचा दाखला दिला आहे, तीच माणसं, दर वेळी वेगळ्या भूमिकेत. 1988 चा सुपर मारिओ ब्रदर्स 3 सुरू होतो तोच पडदा वर जाऊन. त्यात ठोकळे मागच्या पडद्याला स्क्रूनं जोडलेले दिसतात. जपानी कॉमिक्समध्ये ओसामू तेझुकांनी हीच पद्धत कितीतरी आधी रूढ केली होती. दशावतारी मंडळींचं नाटक बघितलेल्या कोकणी माणसाला हे समजावायला लागत नाही. काल राम झालेला आज इंद्र होतो, प्रेक्षक दोन्ही वेळा त्याला नावानिशी ओळखतात आणि तरी गोष्टीत रमतात.

पण सॉनिकचे खेळ काढणाऱ्या सेगा कंपनीनं तिसरीच वाट काढली होती आणि ती अभ्यासण्यासारखी आहे. 2007 मध्ये सॉनिक अरबी सुरस कथांच्या पुस्तकात शिरतो. तिथला अलीबाबा हुबेहूब सॉनिकचा मित्र टेल्ससारखा, सिंदबाद दुसरा मित्र नकल्ससारखा, राजा शहरयार त्याचा शत्रू एगमनसारखा. पण ते कुणी सॉनिकला ओळखत नाहीत. सॉनिक मात्र सॉनिकच राहतो. नायकाला गोष्ट बाहेरून दिसते, बाकीच्यांना नाही. विनोद आपोआप तयार होतो, आणि प्रेक्षकाकडे बघून डोळा मारावा लागत नाही.

अमेरिकन कार्यक्रमानं विडंबनाचा रस्ता घेतला. दर मिनिटाला कोटी, पिझ्झा, पास्ता. तेव्हाच्या मुलांना आवडलं, पण आज सलग तीन भाग बघवत नाहीत. माझं मत विचाराल तर पात्रांनी गोष्ट पूर्ण मनापासून खेळावी. खेळाची आठवण करून देणारा उघड विनोद फिल्मभरात एक, फार तर दोन.

दिसण्याबद्दल. मारिओची मिशी, टोपी आणि बिबवाली पँट यांचं कारण 1981 च्या डाँकी काँगमध्ये आहे. सोळा बाय सोळा पिक्सेलमध्ये तोंड काढता येत नव्हतं म्हणून नाकाखाली मिशी. केस उडताना दाखवणं कटकटीचं म्हणून टोपी. हात हलताना अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून दोन रंगांचे कपडे. अडचणीतून आलेल्या या तीन खुणांनीच तो ओळखला जातो. आता त्याला किमोनो चढवलात तर पँट गेली, डोक्याला पट्टा बांधलात तर टोपी गेली, मिशी एकटी किती भार उचलणार? माझा नियम साधा आहे : तीन खुणांपैकी दोन राहिल्याच पाहिजेत. मॉडेल शीट, म्हणजे पात्राचं ठरवलेलं रूप दाखवणारं चित्र, काळ्या रंगानं भरून टाका आणि प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या कुणाला तरी दाखवा. ओळखलं नाही तर पोशाख बदला, पात्र नाही.

आवाजाकडे विद्यार्थी शेवटी बघतात, तसं करू नका. खेळाला निवेदक नसतो, परीकथेला असतो. ‘आटपाट नगर होतं’ म्हणणारा आवाज आला की बघणारा कान टवकारून बसतो. निवेदन शक्य तेवढं कमी ठेवा आणि करामतीच्या शॉटला अजिबात नको. चौथ्या शॉटवर निवेदक ‘आणि तो मोठा झाला’ म्हणाला तर सव्वा सेकंदाची सगळी मेहनत वाया.

हिशेब पण करून ठेवा. सहा मिनिटं म्हणजे 360 सेकंद. टू'ज वर (सेकंदाला 24 फ्रेम, दर दोन फ्रेमना एक चित्र) काम केलंत तर सेकंदाला 12 चित्रं, म्हणजे 4320. थ्री'ज वर, म्हणजे दर तीन फ्रेमना एक चित्र, 8 च्या हिशेबानं 2880. एका मुख्य पात्राची ही गोष्ट आहे, राक्षस आणि मुलगी वेगळी. शेवटच्या वर्षाच्या वेळात एकट्यानं हे होत नाही. गोष्ट चार मिनिटांवर आणा. नदीचा प्रवास दोन शॉटमध्ये संपवा, चाकरीचा भाग गाळा, वाचलेला वेळ राक्षसावर घाला.

आणि आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. मारिओ किंवा सॉनिक घेऊन तुम्ही वर्गात स्टोरीबोर्ड केलात, सराव म्हणून दोन शॉट ॲनिमेट केलेत, तर कुणी काही म्हणणार नाही. तीच फिल्म महोत्सवाला पाठवणं, यूट्यूबवर टाकणं किंवा शोरीलवर (आपल्या कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओत) मिरवणं वेगळं. ही पात्रं कंपन्यांची आहेत, कॉपीराइट आणि ट्रेडमार्क दोन्ही अंगांनी. आपल्या 1957 च्या कायद्यात खाजगी वापर, संशोधन, टीका, परीक्षण यांना सवलत आहे, पण ‘मी पैसे घेतले नाहीत’ एवढ्यानं ती आपोआप मिळत नाही. खेळताना रेकॉर्ड केलेला व्हिडिओ टाकायला कंपनीनं मुभा दिली म्हणजे तिच्या पात्रांची फिल्म करायला परवानगी मिळाली असंही नाही. नाण्याचा तो प्रसिद्ध टिंग आवाजसुद्धा उचलू नका.

म्हणून मी तुम्हाला पात्र स्वतःचं करायला सांगेन. खेळाची भाषा कुणाच्या मालकीची नाही. लुकलुकणं, तीन लाइफ, एका बाजूनं सरकणारं जग, झटक्याची उडी हे सगळं खुशाल वापरा. आणि गोष्ट? आपल्याकडची भोपळ्यातली म्हातारी घ्या की. चल रे भोपळ्या टुणुक टुणुक! एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायचं, वाटेत वाघ-कोल्ह्यासारखे अडवणारे, प्रत्येकाला तेच उत्तर : लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. जाताना म्हातारी बारीक, येताना जाड, म्हणजे लहान-मोठ्याची करामत आहेच. परतताना भोपळा घरंगळत त्याच वाटेवरून उलटा जातो. तीच लेव्हल, फक्त उलट्या दिशेनं आणि दुप्पट वेगानं, शत्रूंच्या जागा तुम्हाला आधीच माहीत. पार्श्वभूमीची चित्रं एकदाच काढायची, दोनदा वापरायची. तुमची कितीतरी मेहनत इथेच वाचते.

सुरुवात म्हणून फक्त परतीची वाट बोर्ड करा, चाळीस सेकंदांची. निवेदन आणि संगीत न लावता ॲनिमॅटिक, म्हणजे बोर्डची चित्रं वेळेनुसार जोडलेला कच्चा व्हिडिओ, बनवा आणि गोष्ट माहीत नसलेल्या एखाद्या लहान मुलाला दाखवा. भोपळ्यात कोण आहे हे त्याला न सांगता कळलं तर पुढचं काम सुरू करा. नाही कळलं तर म्हातारीचं डोकं एकदा भोपळ्याबाहेर काढा आणि परत दाखवा.